डिस्क पुसण्याआधी: लिनक्ससाठी नेटवर्क कार्डाची तयारी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून जुना लॅपटॉप काखोटीला मारून "यावर लिनक्स टाकून दे" म्हणत येणारे वाढलेत. टाकायला फारसा वेळ लागत नाही. घोडं अडतं ते वायफायपाशी. कार्ड चालायला फर्मवेअर (कार्डाच्या चिपमध्ये भरायची छोटी आज्ञावली) हवं, फर्मवेअर उतरवायला नेट हवं, आणि नेट यायला कार्ड चालायला हवं. म्हणून ही सगळी तयारी जुनी सिस्टीम चालू असतानाच करायची. मी डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार समोर ठेवून लिहितोय. उबुंटू, मिंटला बरंचसं तसंच लागू पडतं.

सगळ्यात आधी कार्ड ओळखा. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी कार्डं निघतात. पेनड्राइव्हवर डेबियनची लाइव्ह (डिस्कवर न बसवताच चालणारी) आवृत्ती घ्या, तिच्यावरून मशीन सुरू करा, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'एनएनके' हा पर्याय लावून चालवा. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेली ओळ सापडेल, तिच्यात चौकटी कंसात '१०ईसी:सी८२१' अशा धाटणीचा क्रमांक असतो. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचाच. हा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. पुढची सगळी शोधाशोध लॅपटॉपच्या नावाने नाही, या क्रमांकाने करायची.

आता त्याच ओळीखाली पाहा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहिलं असेल तर ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतलंय. नुसतं 'कर्नल मॉड्यूल्स' असेल तर ड्रायव्हर हजर आहे, पण कार्डाला लागलेला नाही. दोन्ही नसेल तर या कर्नलकडे त्या कार्डाचा ड्रायव्हरच नाही. या तीन अवस्थांवर तीन वेगळे उपाय आहेत, म्हणून आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय कसलीही आज्ञा चिकटवत सुटू नका.

इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फक्त फर्मवेअर वेगळं लागतं. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळतं. बंदिस्त फर्मवेअरला जागा देण्यावरून वाद झाला, पण मला तो निर्णय मनापासून योग्य वाटतो. ज्याला नेटच मिळत नाही, त्याच्यासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं दार उंबऱ्यावरच बंद होतं. तेव्हा कपाटातली जुनी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) वापरू नका, ताजी उतरवा.

ब्रॉडकॉमला, विशेषतः जुन्या मॅकबुकमध्ये, जास्त तयारी लागते. काही चिपना 'डब्ल्यूएल' हा ड्रायव्हर लागतो. तो डीकेएमएसमार्फत (कर्नल बदललं की ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे बांधला जातो, त्यामुळे चालू कर्नलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) आणि कंपायलर हवेत. काहींना 'बी४३' चालतो, पण त्याच्या फर्मवेअरचं पॅकेज बसवताना खरी फाइल नेटवरूनच ओढतं. पॅकेज पेनड्राइव्हवर नेऊन भागत नाही.

यूएसबी डोंगल (यूएसबीच्या खाचेत खोचायचं छोटं वायफाय कार्ड) असेल तर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा चालवा. रिअलटेकचे काही डोंगल आधी सीडी म्हणून दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. 'यूएसबी मोडस्विच' त्यांना वायफायच्या अवतारात आणतं. कर्नलची आवृत्तीही बघा: ८८२२बीयूसारख्या रिअलटेकच्या यूएसबी चिपना आधार ६.२ पासून मिळाला. डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, डेबियन १३ मध्ये ६.१२. अशा डोंगलसाठी सरळ १३ घ्या.

या सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे अँड्रॉइड फोन आणि त्याची केबल. फोन जोडून यूएसबी टेदरिंग (केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं की लिनक्सला ते वायरचं नेट वाटतं, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, डेटा पॅक खर्च होत नाही. पण केबल आधी तपासा. मामाच्या गावी मी निम्मी डिस्क पुसून बसलो होतो, आणि पिशवीतली केबल फक्त चार्जिंगची निघाली. फोन चार्ज होत होता, टेदरिंगचं बटण मात्र फिकटच. शेवटी मामेभावाला तालुक्याला पिटाळावं लागलं. तेव्हापासून लाइव्ह सिस्टीमवर एखादं पान उघडून पाहिल्याशिवाय मी पुसायला हात लावत नाही. लॅपटॉपला लॅनची खाच असेल तर तीही केबल सोबत असू द्या, वायरची कार्डं सहसा त्रास देत नाहीत.

बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे का तेही पाहून ठेवा. चालू असेल तर कंपाइल केलेला ड्रायव्हर सहीशिवाय लागणार नाही. ज्या किल्लीने डीकेएमएस सही करतं ती 'मोकुटिल' या आज्ञेने नोंदवा आणि तेव्हा दिलेला पासवर्ड लिहून ठेवा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि दहाच सेकंद थांबतो. कुठलीही कळ दाबा आणि 'एनरोल एमओके' निवडा. तो निसटला तर नोंदणी पुन्हा करावी लागते.

बसवून झाल्यावरही वायफाय दिसत नसेल तर आधी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा चालवून वायफाय बंद केलेलं नाही ना ते बघा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक'ने सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर लॅपटॉपच्या कडेचा सरकता खटका किंवा फंक्शनची कळ शोधा. तिथे काही नसेल तर कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये फर्मवेअर शब्द शोधा, कुठली फाइल मिळाली नाही तिचं नावच तिथे छापलेलं असतं. कार्ड दिसतंय पण नेटवर्क मॅनेजर त्याला 'अनमॅनेज्ड' म्हणत असेल, तर 'ईटीसी'मधल्या 'नेटवर्क' फोल्डरातली 'इंटरफेसेस' ही फाइल उघडा आणि त्या कार्डाची नोंद असलेल्या ओळी काढा.

डीकेएमएसवर चालणारं कार्ड असेल तर पहिलं कर्नल अपडेट होऊन वायफाय पुन्हा जोडलं जाईपर्यंत जुनं कर्नल काढू नका, आणि ती केबलही त्याच लॅपटॉपच्या पिशवीत राहू द्या.