दायित्व विम्याचा दावा नाकारला गेल्यास व्यावसायिकाने काय करावे

उपाहारगृहातील ओल्या फरशीवर घसरून ग्राहकाचा पाय मोडतो, तो वकिलामार्फत भरपाईची नोटीस पाठवतो आणि अशा भरपाईसाठीच दायित्व विमा घेतलेला असूनही विमा कंपनी मात्र ही घटना पॉलिसीत बसत नाही असे सांगून हात वर करते. अशा वेळी मालकाने आधी जखमी ग्राहकाचा दावा सांभाळावा. न्यायालयात हजर राहून मुदतीत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी, कारण आपली बाजू न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा झाल्यास पुढे विमा कंपनीशी लढणेही जड जाते. कंपनीला लेखी कळवल्याशिवाय चूक कबूल करू नये वा तडजोड करू नये; दायित्व पॉलिसीत यासाठी कंपनीच्या लेखी संमतीची अट बहुधा असतेच.

त्यानंतर सारे लक्ष नकारपत्रावर द्यावे. एजंटाच्या तोंडी उत्तरावर न थांबता, कोणत्या कलमाखाली दावा नाकारला हे कंपनीकडून लेखी घ्यावे. नकारपत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर न्यायालयात पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर (2016) आणि सौराष्ट्र केमिकल्स (2019) या प्रकरणांत स्पष्ट केले आहे. म्हणूनच हे पत्र माझ्या मते संपूर्ण वादातील सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यातील प्रत्येक कारणासमोर आपला पुरावा मांडावा: पॉलिसीचे शेड्यूल व संपूर्ण अटी, प्रस्ताव अर्ज, घटना कळवल्याचा ईमेल, सीसीटीव्हीचे चित्रण आणि सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल, जो महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नव्हे. कोणत्या घटनांना भरपाई नाही हे सांगणाऱ्या अपवादाच्या कलमावर कंपनी विसंबत असेल, तर ते लागू पडते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिचीच असते. ते कलम पॉलिसी देताना समजावून सांगितले होते का, हेही विचारावे. टेक्स्को मार्केटिंग प्रकरणात (2022) हाच मुद्दा निर्णायक ठरला.

व्यवसायासाठी घेतलेल्या विम्याबाबतही ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे हरसोलिया मोटर्स निकालाने (2023) पक्के झाले. तेथे मुदत 2 वर्षांची असून अधिकारक्षेत्र भरलेल्या प्रीमियमवर ठरते, त्यामुळे प्रीमियम 50 लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगातच होते. साक्षीपुरावा गुंतागुंतीचा असल्यास 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा दावा वाणिज्य न्यायालयात लावावा. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर त्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. येथे मुदत नकारापासून 3 वर्षे असते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही, म्हणून नकारपत्र मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि पाकीटही जपावे.