वॉरहॅमर ४०,००० : आपल्या फौजेचे नवे नियम जोखताना या चुका टाळा

छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडून फाशांवर खेळल्या जाणाऱ्या या युद्धखेळात नवा कोडेक्स (एका फौजेचे नियमपुस्तक) किंवा एखादी नवी डिटॅचमेंट (फौज लढवण्याच्या पद्धतीनुसार निवडायचा नियमसंच) जाहीर झाली, की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर तासाभरात निकाल लागलेला असतो. फौज एक तर ‘ब्रोकन’ (अतिबलवान) ठरते, नाही तर ‘संपली’. मधली अवस्था फारशी कोणाला मान्य नसते. असे निकाल मीही दिले आहेत आणि त्यांतला एक मला चांगलाच महाग पडला, त्याची हकीकत पुढे येईलच. खेळाची दहावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली; या लेखातले नियम आणि आकडे तिचेच आहेत. तेव्हापासून फौजांना नवनव्या डिटॅचमेंट मिळत गेल्या आहेत, डिसेंबर २०२४ मध्ये ‘ग्रॉटमास’च्या निमित्ताने तर त्या फुकट वाटल्या गेल्या, आणि त्यामुळे नियम जोखण्याचे काम दर काही महिन्यांनी करावेच लागते. या कामात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ माझ्या मते एकच आहे: नियम काय करतो ते आपण वाचतो, पण पाच फेऱ्यांच्या एका लढतीत तो किती वेळा खरोखर कामाला येईल, हे मोजत नाही.

जेवणाच्या टेबलावर काढलेला निकाल

मुंबईतल्या खेळाडूंची ही खास चूक आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. दोन हजार पॉइंट्सच्या (प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंट्समध्ये असते) लढतीसाठी ४४ बाय ६० इंचांचे मैदान लागते. दादरच्या आमच्या घरात चार माणसांचे जेवणाचे टेबल आहे आणि माझ्या ऑर्क फौजेच्या सगळ्या चाचण्या त्याच टेबलावर झाल्या. टेबलाची रुंदी ३६ इंच असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या मांडणीच्या जागा तशाच ठेवून मधले अंतर २४ इंचांऐवजी १६ इंच उरले होते, आणि त्या वेळी ही गोष्ट मला किरकोळ वाटली होती.

ती किरकोळ नव्हती. ऑर्कांची ‘वाऽऽघ’ ही आरोळी लढतीत एकदाच देता येते; त्या फेरीत ॲडव्हान्स (फासा टाकून जादा चाल) करूनही चार्ज (हातघाईसाठी शत्रूवर धाव) करता येतो, हातघाईच्या शस्त्रांचे हल्ले आणि ताकद एकेकाने वाढते आणि ५+ चा इन्व्हल्नरेबल सेव्ह मिळतो (फाशावर पाच किंवा जास्त पडल्यास घाव टळतो). सहा इंच चाल, ॲडव्हान्सचा एक फासा म्हणजे सरासरी साडेतीन इंच आणि चार्जचे दोन फासे म्हणजे सरासरी सात इंच, अशी बेरीज साडेसोळा होते. म्हणजे १६ इंचांच्या अंतरावर माझी फौज पहिल्याच फेरीत शत्रूच्या अंगावर पोहोचत होती, तर २४ इंचांवर पोहोचण्यासाठी जवळजवळ सगळे फासे सहावर पडायला हवे होते. घरी चारपैकी तीन लढती जिंकल्यावर मी नव्या नियमांना डोक्यावर घेतले, आणखी दोन खोकी विकत घेतली, आणि डोंबिवलीला एका मित्राच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पूर्ण आकाराच्या मैदानावर पहिल्या दोन फेऱ्यांत फौजेची चाळण होताना पाहिली. नियमांत दोष नव्हता. माझे टेबल आखूड होते.

यावरचा उपाय फार खर्चिक नाही. आठ बाय चार फुटांच्या पातळ प्लायच्या एका तक्त्यातून सुताराकडून ३० बाय ४४ इंचांचे दोन तुकडे कापून घ्यावेत. जोडले की पूर्ण मैदान तयार होते, सुटे केले की कपाटामागे उभे राहतात, आणि त्यांतला एक तुकडा म्हणजे नेमके कॉम्बॅट पॅट्रोलचे, म्हणजे छोट्या लढतीचे, मैदान असते. (हे तुकडे संध्याकाळच्या लोकलमधून घरी नेण्याचा विचार कोणी करू नये, टेम्पोचे पैसे द्यावेत.) तेवढेही जमत नसेल तर फरशीवर रंगाऱ्यांची चिकटपट्टी लावून चौकट आखावी. गुडघे दुखतील, पण अंतरे खरी राहतील.

अंतरांइतकाच घोळ अडथळ्यांच्या अभावाने होतो. टेबलावर चार पुस्तके आणि चहाचा एक डबा ठेवून खेळलेल्या लढतीत गोळीबाराचा प्रत्येक नियम भयंकर वाटतो, कारण सगळ्यांना सगळे दिसत असते. प्रत्यक्ष नियमांप्रमाणे पडक्या इमारतींच्या आरपार पलीकडचे सहसा दिसत नाही आणि चांगल्या मैदानावर अशा इमारती भरपूर असतात. ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ले केले आहेत, त्यांना पुठ्ठ्याच्या चार-सहा भिंती उभ्या करायला एक रविवार पुरेल.

‘एकाने वाढ’ ही सगळीकडे सारखी नसते

ताकद एकाने वाढवणारा नियम दिसला की तो चांगलाच असणार, असे आपण गृहीत धरतो. घाव लागण्यासाठी किती पडायला हवे हे हल्ल्याची ताकद आणि लक्ष्याचा टफनेस (कणखरपणा) यांच्या तुलनेवर ठरते: ताकद दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर २+, नुसती जास्त असेल तर ३+, बरोबरीची असेल तर ४+, कमी असेल तर ५+ आणि निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर ६+. आता ताकद चारची पाच झाली असे समजा. टफनेस ३ च्या शिपायांविरुद्ध काहीच बदलत नाही, कारण दोन्ही वेळा ३+ लागतो. टफनेस ४ आणि ५ विरुद्ध फायदा आहे. ६ आणि ७ विरुद्ध पुन्हा शून्य. ८ आणि ९ विरुद्ध ६+ चा ५+ होतो, म्हणजे घाव थेट दुप्पट; आणि १० पासून पुढे परत काही नाही. तेव्हा तो नियम चांगला की वाईट हे आपल्या गटात समोर कोण बसते त्यावर ठरते. समोर नेहमी स्पेस मरीन असतील तर तो सोने आहे, आणि इम्पीरियल गार्डची पायदळे असतील तर तो नसल्यातच जमा आहे.

एपी म्हणजे चिलखतभेद वाढवणाऱ्या नियमाचे गणित याहून फसवे आहे. शून्य एपीचे शस्त्र उणे एक झाले की उघड्यावरच्या ३+ चिलखताच्या मरीनला ४+ लागतो आणि नुकसान दीडपट होते. पण तोच मरीन आडोशाला असेल तर? आडोशामुळे सेव्हला एकाची भर मिळते, मात्र ३+ किंवा त्याहून चांगल्या चिलखताला ती शून्य एपीविरुद्ध मिळत नाही. म्हणजे आधीही त्याला ३+ लागत होता आणि आता एपी वाढल्यावरही ३+ च लागतो. फायदा शून्य. ज्या डिटॅचमेंटचा सगळा डोलारा या एका एपीवर उभा आहे, ती भरगच्च मैदानावर का लुळी पडते, याचे उत्तर बहुधा इथे मिळते.

‘सस्टेन्ड हिट्स’ आणि ‘लीथल हिट्स’ यांचेही असेच आहे. सस्टेन्ड हिट्स १ म्हणजे हिटच्या, म्हणजे नेम लागण्याच्या, फाशावर सहा पडल्यास एक जादा हिट. ३+ वर नेम धरणाऱ्यांच्या हिट्स त्याने पंचवीस टक्के वाढतात, तर ५+ वाल्यांच्या पन्नास टक्के. म्हणजे नेमबाज जितका वाईट, तितका हा नियम त्याला जास्त लाभतो. लीथल हिट्समध्ये सहा पडला की घाव आपोआप लागतो, त्यामुळे त्याची खरी किंमत लक्ष्य किती कणखर आहे यावर ठरते: ३+ वर मारणाऱ्या ताकद ४ च्या शस्त्राला टफनेस ४ विरुद्ध पंचवीस टक्के फायदा होतो, पण टफनेस ८ विरुद्ध घाव सव्वादोन पट होतात. मात्र आपोआप लागलेल्या घावासाठी फासा टाकला जात नाही, म्हणून त्याच शस्त्राला ‘डेव्हास्टेटिंग वून्ड्स’ (घावाच्या फाशावर सहा पडल्यास सेव्ह न चालणारा घाव) असेल तर त्या हिटपुरती त्याची संधी जाते. दोन चांगले नियम एकत्र आले म्हणजे दुप्पट चांगले झाले, असे होत नाही. हिट आणि घावाच्या फाशांना मिळणारी भरही एकावरच थांबते. दोन ठिकाणांहून अधिक एक मिळाला तरी तो दोन होत नाही.

याच जातीचे आणखी एक उदाहरण देतो, कारण ते ओळखीच्या बऱ्याच जणांना पटत नाही. डीप स्ट्राइकने, म्हणजे लढत सुरू असताना थेट मैदानात, उतरलेली तुकडी शत्रूपासून नऊ इंचांहून दूर असते, त्यामुळे चार्जसाठी दोन फाशांवर नऊ लागतात आणि ती शक्यता सुमारे २८ टक्के आहे. चार्जला एकाची भर देणारा नियम असेल तर ती ४२ टक्के होते, आणि फासे पुन्हा टाकू देणारा नियम असेल तर ४८. वाचताना दुसरा नियम सरस वाटतो. पण एक कमांड पॉइंट (दर फेरीला मिळणारे, खास चालींसाठी खर्चायचे चलन) देऊन ‘कमांड री-रोल’, म्हणजे फासे पुन्हा टाकण्याची मुभा, तर प्रत्येकालाच घेता येतो. म्हणजे पहिल्या तुकडीपुरता दुसऱ्या नियमाने फक्त तो एक पॉइंट वाचतो, आणि एकदा पुन्हा टाकलेले फासे तिसऱ्यांदा टाकता येत नाहीत. भर देणाऱ्या नियमावर तोच री-रोल वापरला तर शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. एकाच फेरीत तीन-चार तुकड्या चार्ज करणार असतील तर पारडे उलट फिरते, कारण एका फेजमध्ये (फेरीच्या एका टप्प्यात) तोच स्ट्रॅटजेम (कमांड पॉइंट देऊन वापरायची खास चाल, री-रोल ही त्यांतलीच) पुन्हा वापरता येत नाही.

सहा स्ट्रॅटजेम वाचले, म्हणून सहा मिळाले असे नाही

डिटॅचमेंटच्या पानावर सहा स्ट्रॅटजेम छापलेले असतात आणि जोखणारा माणूस सहाही दर फेरीला वापरले जातील अशा थाटात त्यांची बेरीज करतो. आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या कमांड फेजच्या सुरुवातीला एकेक असे फेरीला दोनच कमांड पॉइंट मिळतात. पाच फेऱ्यांचे दहा, आणि एखाद्या सरदाराच्या कृपेने फेरीमागे फार तर एक जादा. त्यांतले काही री-रोलमध्ये जाणार हे ठरलेले. शिवाय तुकडी बॅटल-शॉक झाली, म्हणजे तिचे धैर्य खचले, असेल तर तिच्यावर आपल्याला स्ट्रॅटजेम वापरता येत नाहीत. म्हणून वाचताना मी आता पेन्सिलीने फक्त दोन स्ट्रॅटजेमपुढे खूण करतो, जे मी खरोखर फेरीमागून फेरी घेईन असे, आणि बाकीचे चार नाहीतच असे धरून डिटॅचमेंट तोलतो. फौजेच्या कायमच्या नियमाला पॉइंट लागत नाहीत, म्हणून त्याचे वजन नेहमी जास्त धरावे.

नुसते मारणे मोजणे

लढतीचे शंभर गुण असतात: पन्नास प्रायमरीचे (मुख्य उद्दिष्टाचे), चाळीस सेकंडरीचे (दुय्यम उद्दिष्टांचे) आणि दहा रंगवलेल्या फौजेचे. यांत किती शत्रू मारले याचा वाटा बहुतेक वेळा बेताचा असतो, तरीही आपली सगळी चर्चा मारण्याच्या सरासरीवर चालते. दहा ऑर्क बॉइझ प्रत्येकी दोन ऑब्जेक्टिव्ह कंट्रोलचे (ठाण्यावर ताबा सांगण्याचे वजन), म्हणजे एकूण वीस. पाच टर्मिनेटर मिळून पाच. ठाण्यावर उभे राहण्याच्या कामात बॉइझ काहीही न मारता जिंकतात. एखाद्या नियमाने गोळीबारानंतर सहा इंच सरकता येत असेल किंवा तुकडी उचलून दुसरीकडे उतरवता येत असेल, तर तो कागदावर मिळमिळीत दिसतो आणि गुणफलकावर दर लढतीत दिसतो. फौजेच्या यादीतली प्रत्येक तुकडी घेऊन ‘ही पाचही फेऱ्यांत कुठे उभी असेल’ असे विचारले, की यातला बराच गोंधळ निवळतो.

चार लढतींचा पुरावा

चारपैकी तीन जिंकलो, या माझ्या पुराव्याची किंमत किती होती तेही सांगतो. दोन्ही फौजा अगदी तुल्यबळ असल्या तरी चारपैकी किमान तीन जिंकण्याची शक्यता ३१ टक्के असते. तेव्हा विजयांपेक्षा वही ठेवावी: प्रत्येक लढतीत नवा नियम किती वेळा लागू झाला, त्यांपैकी किती वेळा त्याने निकाल बदलला, आणि किती वेळा आपण तो विसरलो. तिसरा रकाना सुरुवातीला सर्वांत मोठा भरतो. एकाच मित्राशी खेळत राहिल्यास नियमाची नव्हे, त्या मित्राच्या सवयींची चाचणी होते. निदान तीन वेगळ्या फौजांसमोर बसावे आणि एकदा बाजू बदलून आपल्याच फौजेविरुद्ध खेळावे.

याचा अर्थ पहिला निकाल नेहमी चुकतो असा नाही. जून २०२३ मध्ये एल्डारी फौजेचे नियम हाताबाहेरचे आहेत हे पहिल्या आठवड्यातच सर्वांना दिसले होते आणि ते खरेच होते. सप्टेंबरच्या बदलांत त्यांना लगाम घालावा लागला. तिथे मात्र फेटचे, म्हणजे आधीच टाकून बाजूला ठेवलेले, फासे ठरवून वापरता येत होते आणि डेव्हास्टेटिंग वून्ड्सला उत्तर नव्हते, म्हणजे नशिबाचा भागच काढून टाकलेला होता. असे काही दिसले तर घाईने बोलावे.

पॉइंट्सबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोणाच्या तरी मोबाइलवरून आलेल्या अर्धवट पानाच्या फोटोवर यादी बांधू नये आणि तुकड्यांच्या पॉइंट्समधल्या किमती नेहमी ताज्या ‘मुनिटोरम फील्ड मॅन्युअल’ या अधिकृत यादीतून घ्याव्यात. नियम तोच राहून तुकडी वीस पॉइंट्सनी महागली, तर आधीचे सगळे मूल्यमापन शिळे होते.

खरेदीची घाई

हे सामान बाहेरून येते आणि खिशाला जाणवते, त्यामुळे चुकीच्या मूल्यमापनाची किंमत इथे रुपयांत मोजावी लागते. नव्या डिटॅचमेंटसाठी लागणाऱ्या तुकड्या आधी प्रॉक्सी म्हणून, म्हणजे त्याच मापाच्या तळावर दुसरे काही ठेवून, प्रतिस्पर्ध्याला सांगून खेळाव्यात. तळाचे माप चुकले तर दाटीवाटीच्या जागी चाचणी खोटी ठरते, म्हणून पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या तरी त्या मोजून कापाव्यात. पुढचा बॅलन्स डेटास्लेट (नियमांतल्या अधिकृत फेरबदलांचा कागद) जवळ आला असेल तर तो येईपर्यंत खोके घेऊ नये.

आणि जून ते सप्टेंबर या काळात घेतलेले खोके बहुधा राखाडी, म्हणजे न रंगवलेलेच, राहते, कारण मुंबईच्या दमट हवेत स्प्रे प्रायमर मारला की प्लॅस्टिकवर पांढुरकी, खरखरीत साय येते. पावसाळ्यात प्रायमर ब्रशने पातळ थरांत लावावा, किंवा उघडीप मिळालेल्या दुपारी डबा हलवून आधी एका फालतू तुकड्यावर मारून पाहावा. मी त्या डोंबिवलीच्या लढतीत सात गुणांनी हरलो होतो. नवी दोन्ही खोकी तोवर रंगवली नव्हती, त्यामुळे रंगाचे दहा गुण मला मिळाले नाहीत.