राफ्टिंगला निघालेल्या खानदेशकरांनो, या चुका टाळा

खानदेशात पोहणं शिकायचं ते विहिरीत. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, थोरल्याने वरून ढकलायचं, आणि थोड्याच दिवसांत पोरगं सूर मारायला लागतं. ही शिकवण चांगलीच. पण कोलाडला किंवा ऋषिकेशला राफ्टिंग करताना सगळी भिस्त तिच्यावर ठेवली, की गडबड होते. विहिरीतलं पाणी एका जागी असतं, दमलात तर कपारीला धरता येतं. नदीतलं फेसाळ पाणी माणसाला घेऊन पळतं, आणि त्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नेहमीइतकं उचलूनही धरत नाही. ‘माले पव्हता येस’ म्हणून लाइफ जॅकेट सैल ठेवणारा माणूस म्हणूनच जास्त धोक्यात असतो. पोहता न येणारा घट्ट जॅकेट घालून, गाइडचं ऐकत सोपा टप्पा व्यवस्थित पार करतो.

जॅकेट नीट बसलंय का, हे दुसऱ्याकडून तपासून घ्या. त्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढावं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळा. फोटोसाठी मधेच बकल उघडू नका. हेल्मेट मागे सरकवलेलं नको, कपाळ झाकलं गेलं पाहिजे.

पाण्यात पडलात तर उभं राहू नका

सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती सहज होते. काठ जवळ दिसतो, पायाला दगड लागतात, माणूस उभा राहायला जातो. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि मागून येणारा प्रवाह त्याला पुढे वाकवून तोंडावर पाडतो. कमरेइतकं पाणीही मग पुरतं. पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, तळवे पाण्याच्या वर, गुडघे किंचित वाकलेले. समोरचा दगड पायाने ढकलता येतो. पाणी गुडघ्याच्या खाली आणि संथ होईपर्यंत उभं राहायचं नाही. वाटेत पाण्यात पडलेलं झाड दिसलं, तर मात्र त्याच्यापासून जीव तोडून पोहत लांब जा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

पिशवीत भरलेला दोर तुमच्याकडे फेकला तर दोर पकडा, पिशवी नव्हे, आणि तो हाताला गुंडाळू नका. दोर खांद्यावर घेऊन छातीशी धरा आणि पाठीवर राहा, म्हणजे तोंड पाण्याबाहेर राहतं. बोट उलटून तुम्ही तिच्याखाली सापडलात तर हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत बाहेर या. एकदा इकडे, एकदा तिकडे केलं की दम संपतो.

बोट खडकाला आडवी लागली, की आपण घाबरून खडकापासून लांब झुकतो. नेमकं उलटं करायचं: गाइड ‘हाय साइड’ ओरडला की सगळ्यांनी खडकाच्या बाजूला झेपावायचं. नाहीतर प्रवाह येतो त्या बाजूची कड पाण्यात दबते आणि बोट गुंडाळली जाते. वल्ह्याच्या मुठीवरचा हातही कधी सोडू नका. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते.

नदी आणि महिना चुकीचा निवडणं

नदीच्या टप्प्यांना १ (सगळ्यात सोपा) ते ६ (सगळ्यात अवघड) अशी श्रेणी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने २ ते ३ श्रेणीचा टप्पा घ्यावा. कोलाडची कुंडलिका त्यासाठी उत्तम आहे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं. मात्र ते सकाळी, पाणी सुटेल त्या वेळेलाच. धुळ्या-जळगावहून रात्रभर गाडी हाकून थेट बोटीत बसू नका. आदल्या दिवशी पोचा, झोपा. ऋषिकेशला पहिल्या खेपेला ब्रह्मपुरी किंवा शिवपुरीपासूनचा टप्पा पुरे, कौडियालाच्या बाजूचा ‘द वॉल’ हा फेसाळ पाण्याचा टप्पा अनुभवी लोकांसाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग बंद असतं, तेव्हा श्रावणातल्या सुट्ट्या धरून बेत आखू नका.

मे महिन्यात जळगावच्या ४४ अंशांतून जाणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. गंगेत बर्फाचं पाणी असतं. अचानक पडलात की आपोआप धाप लागते आणि तोंडात पाणी जातं. घाबरू नका, जोरात श्वास सोडा. ती धाप मिनिटभरात कमी होते. तोवर फक्त तरंगा.

जीन्स नको, पटकन वाळणारे कपडे घाला. स्लिपर वाहून जाते, मागे पट्टा असलेली सँडल हवी. चष्म्याला दोरी बांधा. दारू प्यायलेल्याने, गरोदर बाईने आणि हृदयविकार असलेल्याने बोटीत बसूच नये.

तापी-गिरणेवर हाच खेळ नको

राफ्टिंग करून आलेली काही पोरं पावसाळ्यात ट्यूब घेऊन घरच्या नदीत उतरू पाहतात. त्यांना कळकळीने सांगतो, उतरू नका. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की तापीचं रूप काही वेळात बदलतं. गढूळ पुरात बाभळीचे ओंडके वाहतात, आणि वाळू उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. त्याहून भयंकर आहे तो केटी वेअर, म्हणजे कोल्हापुरी बंधारा. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि आत गेलेल्याला पुन्हा भिंतीकडेच ओढतं. वरून ते सपाट, शांत दिसतं. तिथे कोणी अडकलं तर मागोमाग उडी घेऊ नका. काठावर थांबून दोर, बांबू किंवा रिकामा ड्रम फेका, आणि ११२ ला फोन लावा.