बंड्याचे जुलाब आणि काकांची गोळी

पावसाळ्यात आमच्या लालबागच्या चाळीतला कुत्रा बंड्या कचऱ्यात तोंड घालतो, की जुलाब सुरू. शेजारचे काका लगेच घरातली उरलेली मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी पुढे करतात. काका प्रेमळ आहेत, पण गोळी घ्यायची नाही. कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, तर साधे जुलाब बहुधा अँटिबायोटिकशिवायच थांबतात. औषधाने आतड्यातले चांगले जंतूही मरतात. उकडलेलं चिकन आणि मऊ भात थोडा थोडा द्या. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. अंगातलं पाणी फार कमी झालंय का ते बघायला त्याची हिरडी बोटाने दाबून सोडा: पांढरी पडलेली जागा 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. नाही झाली, किंवा रक्त, ताप, सतत उलट्या असतील, तर शीचा ताजा नमुना डबीत घेऊन थेट परळचं जनावरांचं हॉस्पिटल गाठा. पिल्लू असेल तर वाट बघूच नका. आणि शी उचलल्यावर हात साबणाने धुवा. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू माणसांनाही लागतो.