जुनी गाडी गरम झाली की बंद पडते? कारबोरेटर खोलायच्या आधी या चुका टाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की नागपुरात वर्धा रोडवर दुपारी एखादी तरी जुनी फियाट नाहीतर अँबेसेडर बोनेट उघडून उभी दिसतेच, आणि बाजूला जमलेले चार जण एकच गोष्ट म्हणून राहिले असतात, कारबोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) कचरा आला भाऊ. माझ्याकडे बाबांची 1973 ची अँबेसेडर मार्क टू आहे, 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज धरतात म्हणजे ती आता त्यात बसते, आणि तिचा कारबोरेटर एका उन्हाळ्यात तीनदा खोलला गेला, तिन्ही वेळा आतून स्वच्छ निघाला. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. करंट कमी पडून राहिला की पेट्रोल, हे न बघताच लोक पाना हातात घेतात.

गाडी बंद *कशी* पडली ते आठवा. स्विच बंद केल्यासारखी एकदम गेली असेल तर बहुतेक वेळा करंटचा विषय असतो. आधी पिकअप गेला, झटके खाल्ले, चोक ओढल्यावर जरा सुधारली आणि मग हळूच बसली, तर पेट्रोल कमी पडून राहिलं. आता तपासायचं ते तिथेच, बंद पडल्या पडल्या, कारण सावलीत अर्धा तास उभी राहिली की ती मुकाट चालू होते आणि मिस्त्रीकडे नेली तर काहीच सापडत नाही. डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, कॅपमधली मधली जाड वायर काढा, इन्सुलेशनच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाडसर ठिणगी टकटक आवाज करत पडली तर कॉइलपर्यंत (बॅटरीच्या करंटचा दाब वाढवते ती) सगळं ठीक. पिवळी, बारीक किंवा नाहीच, तर कारबोरेटरला हात लावू नका. कुठे पेट्रोल गळत असेल, नुसता वास जरी येत असला तरी, ही टेस्ट अजिबात करायची नाही.

माझ्या गाडीत काय निघालं ते सांगतो, कारण ही गोष्ट पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. ठिणगी नव्हती. कॉइल बदलली, पॉइंट (डेल्कोच्या आत उघड-मीट करून कॉइलचा करंट तोडणारे दोन टोकं) नवे टाकले, पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर बदलला, दोन दिवस बरी चालली आणि अजनीच्या पुलावर पुन्हा गेली. शेवटी डेल्कोची कॅप काढून आत टॉर्च मारला. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक दोन-अडीच इंचाची नरम वायर जाते, दिसायला अगदी चांगली होती, चिमटीत धरून हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. वरचं कव्हर शाबूत, आतली तार तुटलेली! पिकअप कमी-जास्त केला की डेल्कोला लावलेला व्हॅक्युमचा डबा (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे-मागे करणारा) आतली प्लेट थोडी फिरवतो, तिच्यासोबत ही वायर दर वेळी वाकते, इतक्या वर्षांत तिचे बारीक तंतू एकेक करून गेले होते, म्हणून उभ्या गाडीत टेकायचे आणि चालत्या गाडीत सुटायचे. तिथे घरातल्या फिटिंगची कडक वायर लावू नका, महिनाभरात मोडेल, बारीक तारांची नरमच हवी.

यातून दुसरी चूकही कळते, एकाच वेळी तीन सामान बदलणं. काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, वर नव्या सामानाचा दोष त्यात मिसळतो. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं नाही, गरम झाला की दगा देणारे नवेकोरेच मी पाहिले आहेत, म्हणून चालणारा जुना कधी फेकू नका. पॉइंट पुन्हा पुन्हा काळेनिळे जळत असतील, उघडताना तिथे मोठी ठिणगी दिसत असेल तर संशय कंडेन्सरवरच घ्या.

पॉइंटच्या गॅपचे तर फार हाल करतात लोक. पोस्टकार्डाच्या जाडीने गॅप ठेवणारे मिस्त्री अजून आहेत. लुकास कंपनीच्या डेल्कोला 14 ते 16 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.35 ते 0.40 मिलिमीटर, फिलर गेज (मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघा. प्लगला 25 थाऊ. आणि आधी गॅप, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), उलटं करायचं नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं. पॉइंटची टाच, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासणारा भाग, झिजून गॅप कमी झाला की टायमिंग मागे जातं, इंजिन जास्त तापतं, आणि आपण रेडिएटरला दोष देत बसतो. कॅमवर ग्रीसचा अगदी छोटा ठिपका लावला की टाच टिकते. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

आता पेट्रोलची बाजू. 2013 च्या मे मध्ये आपल्याकडे 47.9 डिग्री गेलं होतं, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि पेट्रोलमधला हलका भाग चाळीसच्या आतच उकळायला लागतो. पाइपात वाफ धरली की एसी पंप (एसी कंपनीचा, इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) नुसता वाफ ढकलतो. पंपावर आणि पाइपावर ओला दुपट्टा टाका, दहा मिनिटांत चालू झाली तर वाफच होती. पाणी थेट गरम ब्लॉकवर ओतू नका, ओतीव लोखंड तडकू शकतं. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला चिकटून जात असेल तर तो दूर करा. टाकीचं झाकण उघडताना सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, अशी गाडी थोडा वेळ चालून बसते. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो नाहीतर भेगाळतो, तेव्हा इथेनॉल चालणारे पाइप टाकून घ्या आणि पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका, इथेनॉल ओल धरतं.

फक्त व्हरायटी चौकात सिग्नलला बंद पडते, रस्त्यावर छान चालते? मग स्लोचा जेट (कारबोरेटरमधलं आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक), पूर्ण परत न जाणारा चोक, किंवा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून येणारी हवा, एवढंच बघा.

एक राहिलं. गाडी बंद ठेवून इग्निशन चालू ठेवू नका, रेडिओ ऐकायला तर नाहीच. पॉइंट एकमेकांना टेकलेले असले की कॉइलमधून सारखा करंट वाहतो, हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापते.