कोल्हापुरात तीन दिवसांचा वाढदिवस: बेत, प्रमाण आणि वेळापत्रक

बाहेरगावचे मित्र मुक्कामाला येणार असतील, तर वाढदिवस एका रात्रीत हॉटेलात उरकू नका. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढा वेळ काढा. बेत ठरवताना एक नियम मात्र पाळाच: दिवसाला एकच जड जेवण. पहिल्याच रात्री मटण, सकाळी मिसळ आणि दुपारी पुन्हा मटण असं केलं, की तिसऱ्या दिवशी निम्मी मंडळी पोट धरून बसतात आणि खरं जेवण वाया जातं.

सगळ्यात आधी पाळायचे वार विचारून घ्या. कुणाकडे मारुतीचा शनिवार असतो, कुणाकडे ज्योतिबाचा रविवार, कुणाकडे अंबाबाईचा मंगळवार किंवा शुक्रवार. त्यात संकष्टी किंवा एकादशी आली, तर आयत्या वेळी निम्मी ताटं बदलावी लागतात. बहुतेक मंडळींना रविवार दुपार जमते, म्हणून इथे मटण तिसऱ्या दिवशी धरलं आहे.

शुक्रवार संध्याकाळ

प्रवासातून आलेल्यांना फार फिरवू नका. रंकाळ्यावर एक चक्कर, खासबाग मैदानाजवळ भेळ आणि मग गंगावेशेतला दूध कट्टा. म्हैस समोर पिळून फेसाळ दूध पेल्यात मिळतं. ते कच्चं असतं, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका आणि नाजूक पोटाची माणसं यांना तापवलेलंच द्या.

शनिवार

अंबाबाईचं दर्शन पहाटे घ्या, दिवस चढला की रांग वाढते. मग मिसळ. इथे मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड देतात. नवख्यानं कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यावा आणि चव बघत वाढवावा. लोकप्रिय ठिकाणी सुट्टीच्या दिवशी उशिरा गेलात, तर तिष्ठत उभं राहावं लागतं.

दुपारी पन्हाळा. शहरापासून साधारण 20 किलोमीटर. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी एवढं निवांत बघून झुणका-भाकर, खर्डा आणि दही खा. केक आणि औक्षण शनिवारी संध्याकाळीच घरी उरका. मटणाच्या जेवणानंतर केक कुणी खात नाही. तलवारीनं केक कापून रील टाकण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, पोलीस गुन्हा दाखल करतात. रात्री दहानंतर स्पीकरही बंद.

रविवार: रानातलं जेवण

एखाद्या मित्राचं शेत असेल तर उत्तमच. खाली दिलेलं प्रमाण 12 जणांचं आहे.

मटण तीन किलो, म्हणजे माणशी पाव किलो. दुकानदाराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, रविवारी सकाळी गर्दीत मनासारखं मटण मिळत नाही. मांडी, चाप आणि नळी मिसळून मागा. नुसतं बोनलेस घेतलं तर रश्श्याला चव येत नाही, ती हाडातूनच उतरते.

पहिलं काम अळणीचं, म्हणजे मटण शिजवून निघणाऱ्या बिनमसाल्याच्या पाण्याचं. पातेल्यात 100 मिली तेलात दोन चिरलेले कांदे परता. त्यात मटण, 100 ग्रॅम आलं-लसूण वाटण आणि दोन मोठे चमचे मीठ घाला. हळद घालू नका. याच अळणीतून पांढरा रस्सा निघणार आहे आणि हळद पडली की तो पिवळा होतो. मटणाला सुटलेलं पाणी आटेपर्यंत परता. मग वर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ठेवा. ते तापलं की आत ओता आणि आणखी उकळतं पाणी घालून एकूण सात लिटर करा. गार पाणी ओतलं की शिजणं तिथंच अडतं. चुलीवर तास-सव्वा तास लागतो. मांस हाडापासून सुटायला लागलं की तुकडे बाहेर काढा, पूर्ण गळू देऊ नका, कारण सुक्या मटणात ते पुन्हा शिजणार आहेत. आता अळणी वाटून घ्या: अडीच लिटर पांढऱ्या रश्श्याला, वाटीभर सुक्याला, उरलेली तांबड्या रश्श्याला.

पांढऱ्यासाठी 50 ग्रॅम खसखस आणि 100 ग्रॅम काजू दोन तास भिजवून अगदी गंधासारखे बारीक वाटा. खसखस रवाळ राहिली तर वाटीच्या तळाशी चोथा बसतो. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा आणि मिरी तडतडली की वाटण घालून मंद आचेवर परता. त्याचा रंग बदलता कामा नये. त्यावर अळणी ओतून दहा मिनिटं उकळा. दोन नारळांचं दूध शेवटी, जाळ ओढून घेतल्यावर घाला आणि सतत ढवळा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की रस्सा फाटतो, आणि फाटलेला रस्सा परत जुळत नाही.

तांबड्यासाठी अर्धा किलो कांदा, 150 ग्रॅम सुकं खोबरं आणि थोडे तीळ भाजून दोन गड्डे लसूण, आलं आणि कोथिंबिरीबरोबर वाटा. एक तृतीयांश वाटण सुक्यासाठी बाजूला ठेवा. पाव लिटर तेलात बाकीचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. जाळ कमी करून मगच आठ मोठे चमचे कांदा-लसूण चटणी घाला. कडक आचेवर चटणी करपते, रस्सा काळपट आणि कडू होतो. लगेच गरम अळणी ओता आणि वीस मिनिटं उकळू द्या, म्हणजे वर लालभडक तवंग येतो. वेगळा गरम मसाला नको, चटणीत तो असतोच. सुकं शेवटी करा: उरलेलं वाटण तेलात परतून चार चमचे चटणी, मटणाचे तुकडे आणि वाटीभर अळणी, बस्स.

भाकरी माणशी तीन धरून 36 सांगून ठेवा, तांदूळ एक किलो. शाकाहारी मित्रांसाठी अख्खा मसूर करा, पण तो मटणाच्या आधी आणि वेगळ्या पातेल्यात. डाव आणि चमचेही वेगळे. त्यांना उरलंसुरलं वाढलं, तर तुमच्या पाहुणचाराला बट्टा लागतो.

पंगत दोनच्या आत बसवा आणि आधी पांढरा वाढा, तांबड्यानं जीभ पोळली की त्याची चव कळत नाही. उरलेला तांबडा डब्यात बांधून देता येतो. पांढरा मात्र त्याच पंगतीला संपवा, नारळाच्या दुधामुळे तो उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. जेवणानंतर दोन तास कुणालाही गाडी चालवायला लावू नका. मुंबईकरांची तिकिटं रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसची काढा, म्हणजे झाडाखाली निवांत झोप होते.