ऑर्केस्ट्रेटरमध्ये टेनंट सांभाळताना या चुका टाळा

यूआयपाथ ऑर्केस्ट्रेटर म्हणजे सॉफ्टवेअर रोबोंना कामं देणारं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात नवा टेनंट, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळा स्वतंत्र कप्पा, उघडायला फारसा वेळ लागत नाही, म्हणूनच तो नको तिथेही उघडला जातो. अंधेरी-पवईकडच्या अकाउंट्स टीममध्ये हे हमखास होतं: जीएसटीला एक टेनंट, पेरोलला दुसरा, व्हेंडर पेमेंटला तिसरा. मग तक्रार येते की जीएसटीच्या रोबोने भरलेली क्यू (कामांची रांग) पेमेंटच्या रोबोला दिसत नाही. दिसणारच नाही! क्यू, असेट (रोबोला लागणारी साठवलेली माहिती, पासवर्ड वगैरे), ट्रिगर (जॉब आपोआप सुरू करणारी सोय), मशीन (रोबो चालतो तो कॉम्प्युटर), सगळं ज्याच्या त्याच्या टेनंटपुरतंच असतं. विभाग वेगळे करायला एकाच टेनंटमधले फोल्डर पुरतात; ज्याला जे बघायचंय त्याला त्या फोल्डरवर रोल द्या. टेस्टिंग आणि प्रॉडक्शन वेगळं ठेवायचं असेल, किंवा एका क्लायंटचा डेटा दुसऱ्याच्या नजरेस पडता कामा नये असं असेल, तरच वेगळा टेनंट काढा.

९चा जॉब अडीचला का चालला?

टेनंटच्या सेटिंग्जमध्ये टाइमझोन यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला की आपली वेळ ५ तास ३० मिनिटं पुढे असल्याने सकाळी ९चा जॉब (रोबोचं ठरलेलं काम) दुपारी २:३०ला सुटतो. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. पण २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) भरायचा असतो, सगळे स्क्रीनकडे डोळे लावून बसलेले असतात आणि रोबो मात्र ढिम्म. टेनंटचा टाइमझोन कोलकाता करा. एवढ्यावर थांबू नका, कारण प्रत्येक ट्रिगरला स्वतःचा टाइमझोन असतो. जुने ट्रिगर एकेक करून उघडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

जॉब पेंडिंगमध्ये लटकलाय

लायसन्स विकत घेतलं म्हणजे ते रोबोपर्यंत पोचलं असं नाही. आधी ऑर्गनायझेशनमधून टेनंटला, मग टेनंटमधून मशीन टेम्पलेटला (मशीन जोडण्यासाठी टेनंटमध्ये केलेली नोंद) रनटाइम (रोबो चालवायचे परवाने) वाटावे लागतात, आणि हा दुसरा टप्पाच बहुतेकदा राहून जातो. तेही ठीक असेल तर मशीन अजून जुन्याच टेनंटला जोडलेलं नाही ना, हे बघा. क्लायंट आयडी आणि सीक्रेट (मशीन जोडताना टाकायची ओळख आणि गुप्त किल्ली) ज्या टेनंटचे, मशीन त्याच टेनंटचं. नवे टाकून पुन्हा कनेक्ट करा.

असेट एका टेनंटमधून दुसऱ्यात नेताना क्रेडेन्शियलचे पासवर्ड सोबत येत नाहीत, ते हातानेच भरा. व्हॉट्सॲपवर मागवू नका, एवढी कृपा करा.

नको असलेला टेनंट लगेच डिलीट करू नका, आधी डिसेबल करा. डिलीट केलेला परत येत नाही. निदान महिनाअखेरचं क्लोजिंग आणि पुढच्या महिन्याची २० तारीख जाऊ द्या. कुणाचा फोन आला नाही, तर मग खुशाल काढा.